काठीवरची पाहुणी

४ फेब्रुवारी
मिळालं! परग्रहावरच्या पाहुणीचा सिनेमा येतोय, आणि त्यावरून मासिकात चार पानी गोष्ट मी लिहायची! संपादकबाई म्हणाल्या, "जमली तर राशीभविष्याचं पान दुसऱ्या कुणाला देते." इतकी वर्षं बाराही राशींना प्रवासाचे योग दिले. मी मात्र खुर्चीतच!

५ फेब्रुवारी
स्टुडिओत कच्चा सिनेमा दाखवला. अगं बाई! पाहुणी म्हणजे चक्क एक काठी — टोकाला टेनिसचा चेंडू! ती धरायला हिरव्या कपड्यातला माणूस. काय ती दिग्दर्शकाची हिंमत! शेवटी नायिका चेंडूकडे बघून म्हणते, "जाऊ नकोस ना, अजून खूप बोलायचंय." मी ढसाढसा रडले. शेजारी बसलेला संकलक माझ्याकडे टकामका बघत होता.

८ फेब्रुवारी
झाली गोष्ट! हिरव्या माणसाला पाहुणीचा भालदार करून टाकलं. नवऱ्याला वाचून दाखवली. "काठी?" म्हणाला. मग ऐकता ऐकता त्याचा चहा गार झाला. मी हवेत!

९ फेब्रुवारी
धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

नटांनी कुठं बघायचं, त्याची खूण म्हणजे ती काठी! खरी पाहुणी नंतर कॉम्प्युटरवर घालणार. आठ डोळे, लांब शेपटी. स्टुडिओत तपासायला पाठवलेली माझी गोष्ट मोठ्यानं वाचली म्हणे, लोक हसून हसून लोळले. संपादकबाई कडाडल्या, "उद्या सकाळी शेपटीसकट हवी!"

नवरा उशीत तोंड खुपसून खिदळतोय. मेला! आता मलाही हसू आवरेना.

१० फेब्रुवारी, सकाळ
घातली शेपटी. डोळेही मोजून आठ. गोष्टीतला जीव गेला, पण संपादकबाई खूश. राशीभविष्य सुटलं! नाव मोठ्या अक्षरांत येणार!

दुपार
फोन. खुद्द नायिका!

"ती काठीची गोष्ट तुमचीच ना? शूटिंगच्या आदल्याच आठवड्यात माझी आई गेली होती. सगळ्यांना चेंडू दिसत होता. मी आईशी बोलत होते. तुम्हाला ते दिसलं."

फोन ठेवला आणि तडक मासिकाच्या कचेरीत गेले.

संपादकबाईंना सांगितलं, शेपटीवाली फाडून टाका, काठीचीच छापा. "राशीभविष्य मग जन्मभर तुझ्याच गळ्यात," म्हणाल्या.

म्हटलं, चालेल.

मेष लिहून झाली.