डबी काय करते

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण परवा जे घडलं ते घरात कुणाला नीट सांगता येत नाही.

माजलगावातलं तुमचं मोटर वायंडिंगचं दुकान. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत आलेली. एक गिऱ्हाईक विचारतं, मोटर कशानं जळली, आणि मी त्याला चुंबकीय क्षेत्रापासून सांगायला लागते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुला काय येतं ते सांगू नको. त्यानं काय करायचं ते सांग." गिऱ्हाइकासमोर बोललात म्हणून दोन दिवस मी तुमच्याशी अबोला धरला होता.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्यातली नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. विहिरीवरच्या स्टार्टरला जोडायची डबी; मोटर चालू आहे का बंद, ते फोनवर कळवते. गुंतवणूकदारांपुढे बोलून बोलून जिभेला तेच वळण लागलं होतं. माजलगावाजवळच्या दिंद्रुडला शेतकरी जमवले आणि अर्धा तास बोलले: बुद्धिमान यंत्रणा, संपूर्ण सुरक्षा, मोटरीचा चोवीस तास राखणदार. एका म्हातारीनं विचारलंही, "पर ही डबी करती काय, बाई?" मी हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अकरा जणांनी डब्या बसवून घेतल्या.

परवा सकाळी फोन आला. त्यांतल्या एकाच्या मोबाईलवर 'मोटर बंद' असा निरोप गेला. डबीनंच करंट तोडला, असं समजून त्यानं फ्यूज न काढता स्टार्टरमध्ये हात घातला. विजेनं त्याला लांब फेकलं. माझ्या बोलण्यानं माणूस मरू शकतो, हे कधी मनातही आलं नव्हतं.

वाचला तो. उजव्या हाताची बोटं भाजलीत. दवाखान्यात तो मलाच धीर देत होता, "ताई, माजंच चुकलं." मी त्याला थांबवलं. म्हटलं, "न्हाई भाऊ. ती डबी फक्त सांगती, मोटर चालू हाय का बंद. करंट तोडत न्हाई." त्याची बायको माझ्याकडे बघतच राहिली. "एवढंच हाय? मग हे आदी कावून न्हाई सांगितलं?"

काल दिवसभर हिंडून अकराही डब्या काढून आणल्या.

हे पत्र वहीतच राहील. तिला दिलं नाही ते उत्तर तुम्हाला देते. 'डबी फक्त सांगते' हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून येत होतं, अण्णा. इतकी वर्षं खपून केलेली वस्तू एवढीशीच आहे, हे म्हणायची मला लाज वाटत होती.