चुलीवरची परात

टॅव्हिस्टॉक, डेव्हन
४ एप्रिल १९५६

प्रिय मॉरवेना हिस,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरला तू येशील म्हणून मागची खोली झाडून घेतली, पडदे धुऊन लावले. तू आली नाहीस. रागावलेले नाही, पण शेजारीण रोज कुंपणावरून विचारते, की पाहुणी वाटेतच हरवली का. तिला काय सांगू?

फेब्रुवारीत सायलसला माती देऊन परत आले तेव्हापासून मनात एकच घोळतं आहे. त्या लांबच्या शेतावर तू एकटी कशी राहणार? पाठच्या भावाच्या माघारी भावजयीकडे बघायचं नाही, तर मी आहे कशाला? जमीन होस्किनना कसायला दिलीच आहेस. आता गायही विकून टाक. प्रिमरोजसारख्या गायीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागणार नाही. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना चहा आणि सायीचे बन दुसरं कुणीतरी देईल. सातासमुद्रापार नाही, नदी ओलांडून यायचं आहे फक्त.

इथे आलीस की बन कसा खायचा तेही शिकवीन. आधी साय, वर जॅम. तुम्ही टेमर नदीपलीकडची माणसं आधी जॅम फासता आणि त्याच्यावर साय ठेवता, म्हणजे आधी सदरा आणि वरून बनियन. माझा भाऊ लग्न झाल्यापासून ते निमूट खात आला. त्याच्या सोशिकपणाचा याहून मोठा पुरावा मला नको.

उत्तर दे. दोन ओळी दे, पण दे. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझी वन्सं
अर्सुला


पेनहॅलो फार्म, कॉर्नवॉल
११ एप्रिल १९५६

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. तुम्हाला पत्रं हेच लिहायचे आणि मी खाली माझा नमस्कार जोडायची. त्यामुळे सुरुवात कुठून करायची कळत नव्हतं.

तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं. पण प्रिमरोज नुकतीच व्यायली आहे आणि दूध चांगलं दाट आहे. तिला विकायचं जिवावर येतं. हे घर सोडणंही जिवावर येतं. मात्र इथे राहायचं तर पाहुण्यांचा चहा चालायला हवा, आणि चहा चालतो तो सायीवर. वन्सं, साय जमत नाही.

कृती मला येते. दूध परातीत गाळून दुधाच्या खोलीत ठेवायचं. साय वर आली की परात हळूच चुलीवर आणायची. उकळी येऊ द्यायची नाही. वर सुरकुत्या पडून परातीच्या बुडाएवढं कडं उमटलं की उतरवायची आणि पुन्हा थंड खोलीत न्यायची. मला नेणंच तेवढं येत नाही. ते काम ह्यांचं होतं. हे परात घेऊन निघाले की मी दार धरायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. एरवी बूट आपटत चालणारा माणूस, पण परात हातात आली की मांजरासारखे पायरी उतरायचे. माझ्या हातात ती त्याच पायरीवर हिंदकळते. वरची कवची फुटते, खालचं दूध वर येतं आणि सकाळी हाती लागतात ते नुसते तुकडे.

शेजारचे होस्किन मदतीला आले होते. परात उचलून म्हणाले, की एवढंच ना, अहो मी मेंढे उचलतो. पायरीपर्यंत पोचेतो निम्मी परात त्यांच्या विजारीवर. जमीन त्यांच्या निपरने चाटून साफ केली. तो कुत्रा हल्ली रोज संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसतो. होस्किन म्हणतात, की हा घरी काही खात नाही, मग सुटला कसा?

मे महिन्यात व्हिटसनच्या सणाच्या सोमवारी चॅपलचा वार्षिक चहा आहे. बन आणि साय दरवर्षी आमच्याकडून जातात. चॅपलचा चहा बघणाऱ्या मिसेस पॉलग्लेझ हलक्या आवाजात विचारत होत्या, की यंदा गावातून मागवू का, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, थोडं थांबा. मी मनाशी ठरवलं आहे. तोवर एक परात अखंड उतरली तर मी इथे राहीन. नाही उतरली तर प्रिमरोज विकेन आणि तुमच्या मागच्या खोलीत येईन.

तुमचा गुडघा कसा आहे? लोभ कमी होऊ देऊ नका.

आपली
मॉरवेना


टॅव्हिस्टॉक
१८ एप्रिल १९५६

प्रिय मॉरवेना हिस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे जागेवर. पाऊस येणार असला की आधी मला कळवतो.

तुझी परात डोक्यात घेऊनच मी चॅपलला गेले आणि प्रवचनात काय सांगितलं ते एक अक्षर ऐकलं नाही. अगं, नेता येत नाही तर नेऊ नकोस! दूध गार चुलीवरच परातीत गाळ. रात्रभर तिथेच राहू दे. सकाळी खाली मंद विस्तव कर, कडं उमटलं की विस्तव विझू दे, आणि दुसऱ्या दिवशी साय काढ. परात जागची हलायचं कारणच नाही. इतक्या वर्षांत हे तुम्हा दोघांना सुचलं नाही? अर्थात, जे जॅम आधी लावतात त्यांच्याकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

हे सांगून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेते आहे. तुझी साय जमली तर तू येणार नाहीस आणि शेजारीण मला सोडणार नाही. पण साय फुटली म्हणून नाइलाजाने आलेली पाहुणी मला नको. करून बघ आणि कळव.

माया आहेच, ती सांगायला लागू नये.

अर्सुला


पेनहॅलो फार्म
२८ एप्रिल १९५६

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही सुचवलंत ते मी मोकळ्या मनाने वाचलं, पण इथे ते होणार नाही. परात ठेवली की चुलीवर दुसरं भांडं मावत नाही आणि संध्याकाळी सहाला चूल लागते. शेतावरून आल्यावर गरम ताट पुढ्यात लागतं. मटणाचा स्ट्यू, वाफाळते बटाटे. थंड मांस आणि पाव वाढला तर तोंडाने काही बोलणं होत नाही, पण काटे-चमचे जरा जास्त वाजतात. तुमचा भाऊ तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर परात हलवावी लागते, नाहीतर कोण कशाला हलवील?

या आठवड्यात दोन्ही वेळा कवची फुटली. मी जाड मोजे घालून चालून बघितलं, अनवाणीही चालून बघितलं. फुटलेली साय मी बनांच्या पिठात घालून संपवते. मिसेस पॉलग्लेझ पुन्हा विचारून गेल्या. प्रिमरोजसाठी लिस्कर्डचा एक माणूस येऊन बघून गेला. तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, की बाई, गाय बोलकी आहे. मी त्याला अजून होय म्हटलेलं नाही.

आपला लोभ माझ्या भरवशाचा आहे.

आपली
मॉरवेना


टॅव्हिस्टॉक
२ मे १९५६

प्रिय मॉरवेना,

तुझं पत्र वाचलं. परत वाचलं.

आज थट्टा नाही. मागच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात लोकरीचे मोठे मोजे हातात घेऊन उभी होते. नाताळला सायलसला द्यायला बरे, असं मनात चाललं होतं. दुकानदाराने बांधून देऊ का विचारलं तेव्हा भानावर आले. म्हणून विचारायचा धीर करते. मनाला लावून घेऊ नकोस.

काल संध्याकाळी सहाला तू किती जणांचं रांधलंस?

तुझी
अर्सुला


पेनहॅलो फार्म
२२ मे १९५६

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला इतके दिवस लागले.

दोघांचं रांधत होते. रोज. दोन ताटं वाढायची. एकातलं मी थोडं खायची, दुसरं निपरला जायचं. वेड लागलं होतं असं समजू नका. ताट वाढताना मला सगळं माहीत असायचं. पण सहा वाजत आले की हात आपले कामाला लागायचे आणि मी त्यांना अडवत नव्हते. तुम्हाला तसं लिहून गेले तेसुद्धा लिहिताना मला दिसलं नाही. होस्किनना सांगितलं तर ते टोपी हातात घेऊन म्हणाले, की मला अंदाज होता, पण कुत्र्याची तक्रार नव्हती.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. चहा प्रायमस स्टोव्हवर केला, पाव आणि चीज खाल्लं. स्वयंपाकघर सहा वाजता गार होतं. त्या संध्याकाळबद्दल जास्त लिहीत नाही.

मग दुसऱ्या दिवशी दूध चुलीवरच गाळून ठेवलं. तुम्ही सांगितलंत तसं. सकाळी विस्तव केला. कडं उमटलं तेव्हा सवयीने उठून मी दार उघडलं आणि धरून उभी राहिले. थोड्या वेळाने दार लावलं आणि बसले. कोळसा घातला नाही. निखारे तांबड्याचे राखाडी झाले. परात जिथे होती तिथेच होती.

पुढच्या सकाळी साय पिवळी, जाड, एका तुकड्यात होती. झाऱ्याने उचलली तर गोधडीसारखी घडी पडली. मी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून प्रिमरोजला दाखवून आले.

काल चॅपलचा चहा झाला. पहाटे साय काढून झाल्यावर चूल बनांसाठी पेटवली. बन गरम असताना कांबळ्यात गुंडाळून ठेवले, म्हणून मऊ राहिले. मिसेस पॉलग्लेझ बशी घेऊन दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, की ही बशी आमच्या ह्यांच्यासाठी. त्यांचे हे दाराशी स्वतःची बशी घेऊन उभे होते. एक बन मी तुमच्या पद्धतीने केला होता, आधी साय, वर जॅम. होस्किनच्या नजरेला तो पडलाच. म्हणाले, बाई, हा उलटा झाला. मी म्हटलं, तो सायलसचा आहे. मग त्यांनी त्याला हात लावला नाही. तो मी खाल्ला. चवीत काही फरक नाही, वन्सं. पण हे मी म्हटल्याचं नदीच्या अलीकडे कुणाला सांगू नका.

लिस्कर्डच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मी इथेच राहते. मागच्या खोलीतले पडदे मात्र काढू नका. हिवाळ्यात प्रिमरोज आटली की चार दिवस येईन, म्हणजे शेजारणीचंही समाधान होईल.

त्याआधी जूनमध्ये तुम्ही इकडे या. तुम्ही याल त्या दिवशी साय लावणार नाही. सहाला चूल पेटलेली असेल. दोघींचं रांधीन.

लोभ आहेच. तो घेऊन या.

आपली
मॉरवेना