जिभेवरची लव

माघ शुद्ध ५, रविवार. फसली १३५३.
बिराप्पाची वस्ती, तामलवाडीचा माळ.

पोचले एकदाची. बेंबळीहून बैलगाडीत दीड दिवस हाडं खुळखुळली, पण इथं उतरले आणि जीव हरखला. वस्ती माळाच्या उंचवट्यावर. खाली ओढा, त्याला अजून पाणी. बांधाला बोरी, चारी बाजूंनी पुरुषभर उंचीचं निवडुंगाचं कुंपण. दीडशे शेळ्या, काळ्या कुळकुळीत, एकूण एक कपाळावर पांढरा टिळा. धनगराची पोर मी. असा कळप दिसला की मला देवाच्या दारात आल्यागत वाटतं.

नात शिता गाडीला सामोरी आली. नववा लागलाय, पोट रांजणाएवढं. सतरा वर्षांची पोर, चालते चाळिशीच्या बाईगत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत. पण तिचा सासरा बिराप्पा अडून बसला, आमच्या वस्तीचं पोर वस्तीवरच जन्मंल म्हणाला. मग मीच आले. तसा हा बिराप्पा परका नाही. माझी मेलेली सून नीलम्मा याचीच लेक, आणि शिताचा नवरा बंडप्पा नीलम्माचा धाकटा भाऊ. भाचीवर मामाचा हक्क, म्हणून दीड वर्षाखाली म्याच ही पोरगी तिच्या आजोळी दिली. चार वर्षांची असताना आई गेली, मीच वाढवली, मीच उजवली.

वही माझ्या लेकानं, म्हणजे शिताच्या बापानं, बिरदेवनं दिली. बेंबळीच्या चावडीत शिपाई आहे. त्याच्या बापानं मला धुळीवर अक्षरं गिरवून दिली होती, तेवढीच माझी शाळा. बिरदेव म्हणाला, आई, शिताचं रोजचं लिहून ठेव, काही वाकडं झालं तर वैद्याला दाखवता येईल. लिहिते. काना-मात्रा चुकली म्हणून वैद्य काही मरणार नाही.

विहीणबाई पार्वतम्मानं आल्या आल्या पितळीभर दूध दिलं. दाट, गोड. मी आणखी मागून घेतलं.

शुद्ध ७, मंगळवार.

घर चांगलं, स्वयंपाक घाण. काल भाकरीत केस, आज कालवणात केस, ताकात तर दोन. काळे, राठ, बोटाच्या पेराएवढे. डोक्याचे असते तर लांब असते. पार्वतम्माला म्हटलं, विहीणबाई, भाकरी थापता का लोकर पिंजता? ती तोंडावर पदर धरून हसली. ही माणसं तोंड उघडतच नाहीत. बोलतात ती तोंडात विडा ठेवल्यागत. बंडप्पा तर हूं आणि हां यावर दिवस काढतो.

नीलम्माही तशीच होती. पाच-सहा वर्षं माझ्या घरात नांदली, तिचे दात म्या कधी पाहिले नाहीत. मला वाटायचं, मोठी शालीन सून मिळाली.

शुद्ध ९, गुरुवार.

आज ओकले.

एका शेळीचं पोट फुगलं होतं. बंडप्पानं शिंगं धरली, म्या जबडा उघडून बांबूच्या नळीनं काढा ओतायला घेतला. आत बोट गेलं आणि कशाला तरी टोचलं. वाटलं काटा. जीभ बाहेर ओढून बघते तर जिभेवर केस. शेंड्यापासून घशापर्यंत उलटे, राठ, चिकट, त्यात चारा गुंतून कुजलेला. वास असा, की मेलेलं जनावर बरं. काढा तिथंच सांडला.

दुसरीची जीभ पाहिली, तिसरीची पाहिली. अकरा पाहिल्या. अकराही तशाच.

बिराप्पा आला. माणूस लाजायचं सोडून फुशारला. म्हणाला, इहीणबाई, ही आमची दौलत. थोरल्या दुष्काळात माळावर गवताची काडी नव्हती. कळप मेला, एक पाठ, कवळी शेळी, तेवढी जगली. तिच्या जिभेवर जन्मापासून लव होती. निवडुंगाचे काटे तिला लागत नव्हते, बोरीची साल ती जिभेनं खरवडून खायची. तेव्हापासून त्याच शेळीची वेल धरली. तिचा बोकड तिच्याच लेकींना, मग त्यांच्या लेकींना. साठाहून जास्ती वर्षं बाहेरचा बोकड या कुंपणाच्या आत आला नाही.

माझा बाप दर तीन वर्षांनी बोकड बदलायचा. एका रक्ताचं पाणी तुंबलं की त्याला घाण वास सुटतो म्हणायचा. बिराप्पाला हे ऐकवलं. तो तोंड मिटून हसला.

शुद्ध १२, रविवार.

नुसत्या शेळ्याच नाहीत.

दारचं कुत्रं जांभई देत होतं. त्याच्याही जिभेवर. म्हशीचं रेडकू पाहिलं. त्याच्याही. शेळी वेगळी, कुत्रं वेगळं, म्हैस वेगळी. यांचा एकमेकांशी सोयरसंबंध कसा? बिराप्पाला गाठलं. तो म्हणाला, ज्याला ज्याला त्या शेळीचं दूध मिळालं त्याला त्याला हे आलं. पयल्यांदा दुधानं येतं, मग रक्तात बसतं, मग पोटच्याला जातं. आणि सांगताना गहिवरला. दुष्काळात त्याच्या आईला दूध नव्हतं. हा तेव्हा महिन्याचं पोर. त्या पाठीला करडं झाली तेव्हा त्याला तिच्या सडाला लावलं होतं.

एवढं ऐकल्यावर विचारायला काय राहिलं? पण डोळ्यांनीही दिसलं. दुपारी गोठ्यामागं गेले, तर बिराप्पा आणि पार्वतम्मा समोरासमोर उकिडवी बसलेली. तिनं जीभ छातीकडं लोंबू दिलेली, आणि तो मेंढरं कातरायच्या कातरीनं ती भादरत होता. कच्‌ कच्‌. भुईवर थुंकीत भिजलेले केसांचे गोळे. कोंबड्या ते वेचत होत्या.

त्याच तोंडानं पार्वतम्मा कालवणाची चव बघते. आजपासून माझी भाकरी मी थापणार.

माघी पौर्णिमा, बुधवार.

शिताला न्हाऊ घालताना म्हटलं, आ कर. नाही म्हणाली. म्या गाल दाबून तोंड उघडलं.

आहे.

लहानपणी हिच्या जिभेवरचा मळ म्या माझ्या पदरानं पुसलाय. लख्ख, गुलाबी जीभ होती. नीलम्मानं हिला कधी अंगावर घेतली नाही, सगळं म्याच केलं. शिता म्हणाली, पाचव्या महिन्यात खाज सुटली, मग लव आली, मग राठ झाली. आई म्हणे अशीच होती. तिचं तिला काही वाटत नाही. वरून मला म्हणते, आजे, निवडुंगाची फड लई गोड लागती, खाऊन बघ.

काळ्या जोडीला पांढरं करडू झालं तर बाप सांगायचा, आजा-पणजाचा रंग आत लपलेला असतो, वेळ आली की वर येतो. हे मला ठाऊक होतं. तरी म्याच ही पोरगी ज्या दावणीतून आली त्याच दावणीला नेऊन बांधली. लोक म्हणाले, रीत केली. डोंबलाची रीत.

वद्य २, शुक्रवार.

वस्तीवरचा कडबा बेंबळीला न्यायला गाडी आली होती. गाडीवानाच्या हाती बिरदेवला निरोप दिला, येत्या शुक्रवारी छपराची गाडी घेऊन ये, पोरीला न्यायचंय, कारण विचारू नको. शिताचं दूध म्या बंद केलं, ओढ्याकाठी ओतून देते. बिरोबाला नवस बोलले, पोराची जीभ कोरी असू दे, पाच नारळ फोडीन. आत लपून राहते ती खोड चारातल्या एखाद्याला सोडून देते. एखादं तरी कोरं निघतंच.

वद्य ४, रविवार.

नवस मागं घ्यावा का, कळत नाही.

सकाळी कळपातली थोरली शेळी व्याली. दोन करडं. एकाच्या जिभेवर लव, दुसऱ्याची जीभ कोरी. मला आनंद झाला, म्हटलं बघा, निघालं की नाही. शेळीनं लववालं चाटून उभं केलं. मग कोऱ्याचा वास घेतला, मागं सरली, आणि खुरांनी —

तिथं कुणी हात घातला नाही. बंडप्पा दाराला टेकून बघत होता. बिराप्पा म्हणाला, आमी मारत न्हाय इहीणबाई. आई ठिवत न्हाय.

म्या विचारलं, आणि माणसात? तो म्हणाला, माणसात आई नुसती ढकलून देते. असलं पोर झालं तर खुशाल बेंबळीला घेऊन जा, मी आडवा येणार नाही. म्हणजे आधी झालीत. कुठं आहेत ती, विचारलं. तर म्हणे, नेली ज्याची त्यानं.

थापाड्या. एक शब्द खरा मानत नाही मी.

शिता तिथंच उभी होती. पोटावर हात. मेलेल्या करडाकडं बघून म्हणाली, वास आपला न्हवता गं आजे. ती तरी काय करंल?

वद्य ५, सोमवार.

माझ्या जिभेच्या शेंड्यावर खाज. राखेनं घासली. रक्त आलं तरी घासली. बोटाला काहीतरी लागतं. लोकर कातरून झाल्यावर मेंढराच्या पाठीवर राहतं तसं.

दोन पितळ्या. पहिल्याच दिवशी. मागून घेतल्या म्या, हावरटासारख्या.

शुक्रवारला चार दिवस.

वद्य ६, मंगळवार.

कळा सुरू. पंधरा दिवस आधीच. गाडी शुक्रवारी — आज कुठून आणू?

पार्वतम्माला खोलीबाहेर काढलं. वैरणीची खोली आहे, दार जाड, आतून अडसर. मी, शिता, पाण्याचा हंडा, विळा, मिठाचं बोळकं, दिवा. बिराप्पा बाहेर येऊन बसलाय. आरडाओरडा नाही, दारावर थाप नाही. नुसता बसलाय. त्याचीच चीड येते.

मनात एकच. जीभ लवेची निघाली तर पोर यांचं. कोरी निघाली तर —

वद्य ७, बुधवार. सकाळ.

मुलगी. उजाडता उजाडता. रडली चांगली.

बोट घातलं तोंडात. कोरी. गुलाबी, लोण्यासारखी. हसले मी. रडलेही असेन.

शिताजवळ नेली. तिनं वास घेतला. डोक्याचा, मग पायाचा. मान फिरवली. पुन्हा दिली, तर पायानं सरकवली. पोटच्या पोरीला, पायानं.

बाहेरून बिराप्पा बोलला. न्हाय घेतली ना? द्या इकडं इहीणबाई. गावात ओली बाळंतीण हाय, तिला पाजाय देतो. मग बेंबळीला घिऊन जा.

म्या शिव्या दिल्या. पार त्याच्या बोकडापर्यंतच्या.

नातही सोडायची नाही मला, पणतीही नाही. आईनं एकदा चाटलं की तिनं घेतलं. हे धनगराच्या पोरीला कुणी शिकवायला नको. आई धरत नसेल तर करडाला मीठ चोळायचं. मिठासाठी चाटते, चाटता चाटता वास बसतो. शेकडो करडं जगवली अशी.

दुपार.

बोळक्यातलं मीठ पाण्यात कालवून अंगभर चोळलं. हळू हात. पोर किंचाळली. शिताच्या पुढ्यात ठेवली.

वळली. वास घेतला. जीभ लावली.

घेतली! बिरोबा, पाच काय, पंचवीस नारळ. डोकं चाटलं, पाठ चाटली. डोळे मिटून. गाईगत. मी भिंतीला टेकले, वही घेतली, बिरदेवसाठी लिहिते. जमलं रे बाबा —

आवाज येतो. सालीवर जीभ घासल्याचा. तसा.

पोर रडायची थांबली. बरं झालं.

बाहेर बिराप्पा उठला. विचारतो, रडं का थांबलं. म्या मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मीठ लावलं, घेतली तिनं.

दारावर बुक्क्या. पहिल्यांदाच. ओरडतो — मीठ न्हाय! आमच्या जिभंला मीठ न्हाय लावायचं! उघडा! मिठावर थांबत न्हाय ती — उघडा म्हातारे —

शिता. ए शिता.

पाठ लाल —

ओढते. सोडत न्हाय. लई जोर — अडसर जड, एका हातानं — पोर माझ्या हातात का तिच्या — शिता, बास गं, बास म्हणते ना, शिता, तिची पा