तीन काड्या आणि मधली जागा

आई, कशी आहेस? तिकडे गेल्यावर आप्पांचा खोकला थांबला का? आजीचे गुडघे दुखायचे राहिले का, की अजून चिंचेच्या पाल्याने शेकून देतेस? आणि थोरली आक्का? शेवटी तिला अन्नच जात नव्हतं; तुझ्या हातचं मिळाल्यावर चार घास खात असेल. इकडे सगळी बरी आहेत, माझंच जरा कुठेतरी उसवलंय. वडगावच्या घरातला साड्या विणायचा शेवटचा माग विकला आणि घराचा आवाजच गेला. खटखटाट होता तेव्हा कान किटायचे, आता शांततेनं छातीत धडधडतं. हात आपले काहीतरी शोधत फिरतात. पदराचं टोक पिळ, पुसलेलं भांडं परत पूस. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या वाढवायच्या नसतील तर घटकाभर स्वस्थ बसायला शिका." आता या वयात बसायला शिकायचं, म्हणजे कमालच की!

सुनेनं तोड काढली. टिळकवाडीत एक बाई जपानी पद्धतीनं फुलं मांडायला शिकवतात, इकेबाना म्हणतात त्याला. मन निवतं म्हणे. मला हसूच आलं. फुलं ओवायची, माळायची, देवाला वाहायची. त्यांचा क्लास कसला? पण गेले. पसरट ताटलीत थोडं पाणी, तळाशी खिळ्यांची जड बैठक, तीत काड्या रोवायच्या. एक उंच, एक मधली, एक बुटकी. झालं. बोलायचं नाही, घाई करायची नाही. मी पेरूची वाकडी फांदी लावली, दोन शेवंत्या लावल्या, आणि फांदीच्या पोटाशी रिकामं दिसायला लागलं. आपल्याला ते सोसवतं होय? एक धागा तुटला तरी साडी हातात घेऊन गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे बघत वाढलेलो आपण. बाईंची पाठ वळली तशा मी तिथं मूठभर शेवंत्या ठासल्या. बाईंनी एकेक उपसून बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "आक्का, आता इथं काय दिसतंय?" मी म्हटलं, "भोक." सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. म्हणाल्या, "तेसुद्धा मांडणीतच धरायचं. फांदीला श्वास घ्यायला जागा नको?"

घरी आणून मांडलं, तर आमचे हे म्हणतात, "बाकीचं बकरीनं खाल्लं काय गं?" मी म्हटलं, "न्हाय, जपान्यांनी खाल्लं. गप बघा जरा." बघत बसले मात्र, अगदी चहा निवेपर्यंत. मग म्हणाले, "ते मधलं रिकामं हाय न्हवं, नजर तिथंच जाती बघ."

माझीही तिथंच जाते, आणि तिथं मला तू दिसतेस. तू मागासाठी सुताच्या कांड्या भरतेस, मी शेजारी. माझा हात जरा थांबला की तुझा आवाज येतो, "हात रिकामा ठेवू नगंस गं. रिकाम्या हाताला लई वंगाळ सवयी लागत्यात." तेच माझ्यात मुरलं, लोणच्यात मीठ मुरावं तसं. पण अमावास्येला माग बंद असायचे. सकाळी मागाला हळदकुंकू लावून त्यावर अबोलीचं एकच फूल ठेवायचीस. परसात अबोली माजलेली असायची, तरी एकच. आणि मग उंबऱ्याशी बसायचीस, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. मी विचारलं होतं, "आई, काय बघतीस?" तू म्हणालीस, "काय न्हाय गं. तू जा, खेळ." मी गेलेही उड्या मारत. आता राहून राहून वाटतं, ते "काय न्हाय" म्हणजे नक्की काय होतं? दमलेली होतीस, की बाई सांगतात ते तुला कुणी न शिकवताच ठाऊक होतं? आणि दुसरं फूल का नाही ठेवलंस कधी?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तिकडे टपाल जात नाही, एवढं मला कळतं. घडी करून ताटलीखाली ठेवीन. एक मात्र बाईंना सांगितलेलं नाही, तुला सांगते. मला अजून पुरतं जमत नाही. समोर बसले की हात फांदीच्या पोटाशी फूल खोचायला निघतोच. मग मी दोन्ही हात ओढून मांडीवर ठेवते, उताणे, तुझ्यासारखे. थोडा वेळ राहतात. तेवढ्यापुरता धडधडीचा विसर पडतो. तू तेव्हा काय बघत होतीस, तेवढं लवकर लिहून कळव.