बरणीतला समुद्र

प्रिय संघपाल,

जयभीम. पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. पार्सलमध्ये वरच चिवडा ठेवलाय. तो बोट चालवणाऱ्या तुमच्या तांडेलांना आणि बाकीच्या खलाशांनाही दे, एकटा फस्त करू नकोस. चिवड्याखाली काय आहे ते शेवटी सांगते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. महिन्यापूर्वी तू फोनवर सहज विचारलंस, की लाँचच्या डोलकाठीवर रेडिओचा अँटेना आहेच, तर त्यालाच आम्हा चौघांचे मोबाईल जोडता येतील का, आणि गाण्यांसाठी एक एफएमही? तू विचारून मोकळा झालास, भुंगा माझ्या डोक्याला लागला. गांधीबागेच्या आपल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बावीस वर्षं तुझ्या बाबांशेजारी बसून मी कथलाचे टाके मारलेत. असा प्रश्न ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "इथं नागपुरात, इंदोऱ्यात बसून समुद्राची चिंता काहून करून राहिली वं?" मी म्हटलं, चिंता नाही हो, कुतूहल आहे. ते अर्धंच खरं होतं.

आधी तुझा कपाटातला जुना फोन उघडला. त्याच्या पाठीला रबरी बूच होतं, आत बारीक भोक. आठवतं? खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की बाबा त्यात बाहेरच्या अँटेनाची वायर खोचून द्यायचे. आताच्या फोनला असं काहीच नसतं, सगळं आत कोंडलेलं. मग वायर जोडायची कुठे? म्हणून मी बस धरून कन्हानला गेले, चंद्रभानभाऊंकडे. तेच, ज्यांचा रेडिओ बाबा दर वर्षी दुरुस्त करायचे आणि बदल्यात मासोळी घ्यायचे. त्यांचा डोंगा नदीच्या उंच दरडीखाली बांधलेला असतो, तिथे फोन पार मुका होतो. मी एक फोन पिशवीत गुंडाळून बांबूच्या टोकाला बांधला, त्याचा हॉटस्पॉट सुरू केला आणि बांबू उभा केला. खाली डोंग्यात बसून दुसऱ्या फोनवरून इंदुताईंना व्हिडिओ कॉल लावला, तर त्यांचं नाकसुद्धा स्वच्छ दिसलं. चंद्रभानभाऊ आधी हसत होते, "वहिनी, मासोळ्यांले फोन लावून राहिल्या का?" मग त्यांनीच फोन मागून घेतला आणि साळ्याशी पाऊण तास बोलले. मला मात्र कळायचं ते कळलं. फोनला वायर नको आहे, उंची हवी आहे.

पण तुझा फोन डोलकाठीवर बांधलास तर पहिल्याच लाटेला समुद्रात जाईल. त्यापेक्षा सिमकार्ड घालायचा वायफायचा डबा मिळतो, बाहेरचा अँटेना लावता येईल असा घ्या. डबा केबिनमध्ये कोरडा राहील आणि अँटेना डोलकाठीवर, रेडिओच्या अँटेनापासून हातभर तरी लांब. चौघांचे फोन त्या डब्यावर चालतील. किनाऱ्यापासून फार आत गेलात की तोही काही करू शकणार नाही, ते मात्र मनाशी ठेव.

रेडिओच्या अँटेनाला फोन किंवा डबा जोडायचा नाही, हे तर पक्कं ध्यानात ठेव. मी मनोहररावांना विचारलं. तेच ते वायरलेस खात्यातून निवृत्त झालेले, बाबांशी कायम वाद घालणारे. ते म्हणाले, तुमचा रेडिओ बोलायला लागला की पंचवीस वॅट वर ढकलतो. त्याच वायरीवर नाजूक काही बसलेलं असेल तर ते जळून जाईल. शिवाय तो अँटेना रेडिओच्या लहरींच्या मापाने कापलेला, मोबाईलच्या लहरी वेगळ्या. एफएमचं जमतं, पण त्याला बोटीसाठीच बनवलेला, सिग्नलची वाटणी करणारा डबा लागतो. आपल्या दुकानातला, एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचा जोड लावायचा नाही. तुझ्या मनात तोच असणार, मी ओळखते तुला.

आता माझा समुद्र. खरा तर मी अजून पाहिलेला नाही, म्हणून घरीच केला. एक लिटर पाणी, किराणावाल्याच्या काट्यावर तोललेलं पस्तीस ग्रॅम मीठ आणि लोणच्याची काचेची बरणी. त्यात वायरीचे दोन तुकडे सोडले. एक तुझ्या डोलकाठीवर जी वायर आहे तिच्याच उरलेल्या टोकाचा, दुसरा घरातल्या खुंटीवरच्या नव्या गुंडाळ्याचा. रोज सकाळी चहा घेत मी त्या बरणीपुढे बसायची. इंदुताईंनी लोणचं समजून झाकणही उघडलं एकदा. एकविसाव्या दिवशी मी दोन्ही तुकडे सोलले. नवा किंचित काळवंडला होता, बस. जुन्याच्या आतली जाळी बोटाला लागताच पांढरी भुकटी होऊन गळाली. मनोहररावांनी ती भुकटी पाहिली आणि म्हणाले, "हे टीव्हीचं केबल व्हय वहिनी. आयकाले बनवलं, बोलाले नाही. हे कोणी लावलं बोटीवर?"

त्याचं उत्तर तुला देते, त्यासाठीच हे पत्र आहे. गेल्या महिन्यात भर दुपारी तुमचं इंजिन बंद पडलं, तू रेडिओवरून हाका मारत राहिलास आणि अडीच तास कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसरी लाँच योगायोगाने आली म्हणून बरं. हे तू मला हसत सांगितलंस आणि मीही हसले. फोन ठेवला आणि मी थेट खुंटीपुढे जाऊन उभी राहिले. कारण तू निघालास त्या दिवशी तांडेलांनी मागितलेली रेडिओची वायर मीच तुझ्या पिशवीत घातली होती. खुंटीवर दोन गुंडाळे होते. एक नवा, वायरलेसचा, चांगला. दुसरा टीव्हीचा, बाबांच्या हातचे तीन जोड असलेला, प्रत्येक जोडावर त्यांची लाल टेप. दीक्षाभूमीवर दसऱ्याला आपल्या भोजनदानाच्या मांडवात माईकला तोच असायचा. मला फरक ठाऊक होता, संघपाल. ठाऊक असून मी बाबांचा दिला. तू इतक्या लांब, पाण्यात, ओळखीचं कुणी नाही. वाटलं, त्यांचं काहीतरी तुझ्या डोक्यावर असावं. आणि तू फोनवर अभिमानाने सांगायचास, 'आई, बाबांची वायर वर आहे,' तेव्हा तर मला खरं सांगण्याचा धीरच होईना. फोनवर सांगितलं असतं तर 'राहू दे गं, चालतंय' म्हणून तू टाळलं असतंस. चिवड्याखाली नवा गुंडाळा आहे, दोन्ही टोकं मी स्वतः टाके मारून, पाणी शिरणार नाही अशी बंद करून दिली आहेत. पत्र वाचून झालं की आधी डोलकाठीवर चढ आणि बाबांची वायर कापून काढ. हात थांबला तर आठव, ते असते तर त्यांनीच माझ्यावर डोळे वटारले असते, "पोराले हे काहून दिली वं, अंजना?" लाल टेपचा एक जोड दिवाळीला घरी घेऊन ये, तो मी परत खुंटीला लावीन. नवी वायर जोडलीस की बंदरातून बाहेर पडल्यावर रेडिओवर एकदा हाक मार, आणि कुणी उत्तर दिलं ते मला कळव.

वाट पाहणारी, तुझीच
आई