गरौठ्याच्या बांधावर

बाबा, सकाळपासून तुमच्या जुन्या टेबलाशी बसून एक सरकारी पत्र लिहिते आहे. कारणापाशी येऊन ते अडलंय, म्हणून आधी तुम्हाला लिहिते. सिविल लाइंसचं हे घर तुमच्यामागे मी विकलं नाही. निवृत्त होऊन इथेच आले. केस पांढरे झाले तरी शेजारी मला अजून "इंजीनियर साहब की बिटिया" म्हणतात. पाणी कसं राखावं, जमीन कशी सांभाळावी, हे देशोदेशीच्या सरकारांना सांगत मी आयुष्यभर फिरले, पण इथे त्याचं कुणाला काही नाही. बरंच आहे ते.

मी कॉलेजात असताना तुम्ही मला ऑफिसच्या जीपमधून इथल्याच गरौठा भागात नेलं होतंत. पावसाळा सरलेला, बांध घातलेली शेतं काठोकाठ भरलेली. एक म्हातारे शेतकरी फावड्याने बांध फोडून पाणी सोडून देत होते. मी पुस्तकं वाचून शहाणी झालेली. तुमच्या पुढे होऊन म्हटलं, "बाबाजी, इतना पानी क्यों बहा रहे हैं? गर्मी में काम आएगा." ते हसले. "बिन्नू, माटी ने अपनो पानी पी लओ. अब न छोड़ें तो गेहूँ कितै बोहैं?" मातीचं पिऊन झालं होतं; पाणी सोडलं नाही तर गहू पेरायचा कुठे, असं ते विचारत होते. परतताना तुम्ही समोर बघतच म्हणालात, "तू त्यांना विचारलंस की शिकवलंस?" मला इतका राग आला की घरी येऊन मी जेवलेच नाही. तुम्ही ताट झाकून ठेवलंत, समजूत मात्र काढली नाहीत.

पुढे एका दूरच्या देशात मी नेमकं तेच केलं. नदीकाठचे लोक पूर ओसरला की ओल्या गाळात ज्वारी पेरत. मी बंधारा सुचवला, बारमाही पाण्यासाठी. तो झाला, पाणी राहिलं, फोटो झकास आले. पेरायची जमीन तेवढी बुडाली आणि माणसं पोरंबाळं घेऊन शहराकडे गेली. मला कळलं तोवर मी तिसऱ्याच देशात त्या बंधाऱ्यावर भाषण देत होते. आता आणखी एका देशाला त्या बंधाऱ्याचा माझा अहवाल नमुना म्हणून हवा आहे. जुन्या कचेरीतून फोन आला, "मॅडम, बस आपकी हाँ चाहिए." हो म्हटलं तर तिथेही शेतं बुडतील. नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि माझं सगळं नाव त्याच अहवालावर उभं आहे. लाज वाटते, बाबा.

नाही असंच लिहिलं. कारण दिलं, की तेव्हा स्थानिक माहिती मिळाली नव्हती. वाक्य सफाईदार आहे, कुणी हरकत घेणार नाही. पण माहिती मिळाली होती. अहवाल लिहिण्याआधी, त्या नदीकाठाहून निघताना एक बाई गाडीपाशी आली होती. दुभाष्या पुढच्या गाडीत. तिने वाकून मूठभर गाळ उचलला, बोटाने खळगा केला, त्यात बी टाकल्यासारखं केलं आणि नदीकडे हात करून माझ्याकडे बघत राहिली.

ते वाक्य आत्ता खोडलं. लोकांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं लिहिलं. ते पत्र उद्या जाईल. हे तुमचं कुठे पाठवणार? एक गोष्ट त्या पत्रात लिहिली नाही, ती तुम्हालाच सांगते. त्या बाईचं म्हणणं मला तिथल्या तिथे कळलं होतं. विमान चुकेल म्हणून मी काच वर केली.