खंडेनवमीचं यंत्र

मच्छीमार नगर, कफ परेड
२७ सप्टेंबर २०२५

ती. शेवंती आत्यास,
मयूरचा शि. सा. न. वि. वि.

फोन बंद ठेवलाय म्हणून पत्र. वसुलीवाले दिवसभर फोन करतात, परवा तर माझ्या जुन्या ऑफिसातल्या साहेबांनाही केला. मी इथे मित्राकडे सुखरूप आहे. त्याची आई नलूमावशी लालबागला मासळी विकायला येते, तिच्याच हाती हे देतोय. वास आला तर समजून घे.

काम एकच. हप्त्यांवर घेतलेलं माझं बीट वाजवायचं यंत्र खाटेखाली आहे, ते मावशीच्या पाटीतून पाठव. बाबांना कळू देऊ नकोस, ते स्वतःच वसुलीवाल्यांच्या हातात देतील. माणूस वाजवत नाही ते वाद्यच नव्हे, असं म्हणाले होते ना.

त्यांना एकदा सांगायचं राहिलं. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटारींचे कारखाने बंद पडले, काळ्या लोकांच्या वस्त्या कर्जात बुडाल्या, आणि तिथल्या पोरांनी स्वस्तातली जुनी यंत्रं घेऊन टेक्नो नावाचं संगीत काढलं. ठोका कारखान्याचा, पण मालक नाही. ते ऐकलं की मला एका जागी बसवत नाही. इथेही बसवत नाहीये. यंत्र नसलं तर मी नुसता थकबाकीदार.

हप्ता न मागता लोभ ठेव.
तुझा मयूर


लालबाग
१ ऑक्टोबर, खंडेनवमी

चि. मयूरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्राला बोंबलांचा वास होता, पण तुझ्या अक्षरापेक्षा तो बरा. यंत्र पाठवता आलं नाही. आज सकाळी तुझ्या बाबांनी, लवूदादाने, ते स्वतःच खाटेखालून ओढलं, माझ्या शिलाई मशीनशेजारी पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नलू पाटी घेऊन दारात उभीच.

तेवढ्यात वसुलीवाले दोघे आले. एकाने यंत्राला हात घातला तर दादाने सांगितलं, पूजेला लावलेलं हत्यार आज कुणी उचलत नाही. दुसरा आपल्याकडचाच निघाला, कणकवलीचा. त्याने चपला काढून नमस्कार केला, प्रसाद खाल्ला आणि परवा येतो म्हणाला. परवा मात्र ते ऐकणार नाहीत.

दादाला तुझं डेट्रॉइट वाचून दाखवलं. मालकाशिवाय ठोका कसा, एवढंच विचारलं, आणि परत वाच म्हणाला. तू आमचा जीव टांगणीला लावलायस.

आशीर्वाद आहेतच, आता तोंड दाखव.
आत्या


मच्छीमार नगर
२ ऑक्टोबर, सकाळ

ती. आत्यास, सा. न.

अक्षताही टाकल्या का? बटणांच्या फटीत तांदूळ गेला तर एकच ठोका अडकून बसतो. कुणी काही दाबू नका. बाबांनी यंत्र वाचवलं की माझी वाट अडवली, मला काही कळत नाही. रात्रभर येरझाऱ्या घातल्या. मी येणार नाही. सगळ्या चाळीसमोर ते उचलून नेताना मला बघवणार नाही.

घाईत, रागावू नकोस,
मयूर


लालबाग
२ ऑक्टोबर, दसरा

चि. मयूर यास अनेक आशीर्वाद.

आत्याच्या नावचं पत्र मी वाचलं. अक्षता मीच टाकल्या, भरपूर. पूजा उतरवून यंत्र सुरू केलं, तर एकच ठोका धरून बसलंय. शेजारच्या राधाबाई येऊन कटकट करून गेल्या. मी म्हटलं, रवांदे, वाजू दे. मला ते गाणं वाटत नाही, पण बंदही करवत नाही.

उद्या वसुलीवाले यंत्र नेतील. हप्ते भरायला माझ्याकडे पैसे नाहीत. संपाच्या वर्षी खंडेनवमीला कापड विणायच्या साच्यांची पूजा करायला आम्ही मिलवर गेलो होतो. आत सोडलं नाही. हार गेटलाच बांधून परत आलो. माझ्या साच्याला त्यानंतर माझा हात लागला नाही, तो भंगारात कधी गेला तेही कळलं नाही. अजून वाईट वाटतं.

तुझं यंत्र आज घरात आहे. ते यायच्या आधी ये, तांदूळ काढ आणि एकदा वाजव. मी ऐकेन.

तुझे बाबा